ओझूवर लादलेले साधूपण

यासुजिरो ओझू हा ‘सर्वांत जपानी’ दिग्दर्शक, झेन विचारातली निश्चलता हा त्याच्या कलेचा गाभा, त्याचा कॅमेरा कधी हलत नसे आणि मुलीच्या लग्नाची एकच गोष्ट तो जन्मभर सांगत राहिला, असे चार समज चित्रपटविषयक लेखनात पन्नास वर्षे ठाण मांडून बसले आहेत. ते निराधार नाहीत. पण त्यांचा सगळा आधार १९४९ ते १९६२ या काळातल्या चित्रपटांत, त्यातही त्यांपैकी निवडक पाच-सहांत आहे. ओझूने पहिला चित्रपट १९२७ मध्ये केला. त्याच्या नावावरच्या ५४ चित्रपटांपैकी ‘लेट स्प्रिंग’ आणि त्यानंतरचे मिळून फक्त १३ भरतात. उरलेल्या ४१ चित्रपटांना बाजूला सारून उभे केलेले व्यक्तिचित्र ओझूचे म्हणता येत नाही.

त्याचा जन्म १२ डिसेंबर १९०३ रोजी टोकियोच्या फुकागावा भागात झाला. वडील खताचे घाऊक व्यापारी होते. ओझू नऊ-दहा वर्षांचा असताना आई मुलांना घेऊन मिए प्रांतातल्या मात्सुसाका या मूळ गावी राहायला गेली आणि वडील धंद्यासाठी टोकियोतच राहिले. वडिलांचे लक्ष नसलेल्या या मुलाने शाळेपेक्षा चित्रपटगृहात जास्त वेळ काढला. पाहिले ते मुख्यतः अमेरिकी चित्रपट. टॉमस इन्सचा ‘सिव्हिलायझेशन’ पाहून आपण दिग्दर्शक व्हावे असे प्रथम वाटले, असे त्याने पुढे सांगितले आहे. प्रवेश परीक्षांत नापास झाल्यावर एक वर्ष त्याने एका डोंगराळ खेड्यात मास्तरकी केली. १९२३ मध्ये शोचिकू कंपनीच्या कामाता स्टुडिओत तो कॅमेरा विभागात साहाय्यक म्हणून लागला. तेव्हा आपण पाहिलेल्या जपानी चित्रपटांची नावे त्याला जेमतेम तीन सांगता आली आणि मुलाखत घेणारे चकित झाले, ही गोष्ट त्याच्या चरित्रांत हटकून येते. ‘सर्वांत जपानी’ दिग्दर्शकाची सुरुवात ही अशी होती.

कामाता स्टुडिओचा कारभार शिरो किदो याच्या हाती होता. शहरी मध्यमवर्गाचे हलकेफुलके, हसत हसत डोळे ओले करणारे चित्रपट झपाट्याने काढायचे हे त्याचे धोरण होते. ओझू दिग्दर्शक कसा झाला याची कथाही त्या वातावरणाला साजेशी आहे. कँटीनमध्ये करी-भाताची ताटली आपल्याआधी दुसऱ्याला दिली म्हणून त्याने भांडण काढले, प्रकरण किदोपर्यंत गेले आणि किदोने या तिरसट पोराला पटकथा लिहून आणायला सांगितले. पहिला चित्रपट तलवारबाजीचा ऐतिहासिक पट निघाला. तो त्याचा त्या प्रकारातला एकमेव चित्रपट. त्यानंतर कॉलेजातल्या उनाड मुलांचे विनोदी चित्रपट, नोकरी गमावलेल्या कारकुनांच्या गोष्टी आणि थेट हॉलिवूडच्या धर्तीचे गुन्हेपट यांची रांग लागली. उपलब्ध चित्रपटांत सर्वांत जुना ‘डेज ऑफ यूथ’ (१९२९) आहे. त्यात विद्यार्थी स्कीइंगला जातात आणि खोलीच्या भिंतीवर ‘सेव्हन्थ हेवन’ या अमेरिकी चित्रपटाचे पोस्टर लटकते. ‘वुमन ऑफ टोकियो’मध्ये (१९३३) पात्रे चित्रपटगृहात बसून हॉलिवूडच्या लुबिशने दिग्दर्शित केलेला एक तुकडा पाहतात, आणि ओझू तो तुकडा आपल्या चित्रपटात सरळ जोडून टाकतो. आदर्श लपवण्याची त्याला गरज वाटत नव्हती.

त्याच वर्षीचा ‘ड्रॅगनेट गर्ल’ या वादात मोलाचा साक्षीदार आहे. नायक माजी मुष्टियोद्धा आणि आता गुंड, नायिका दिवसा टायपिस्ट आणि रात्री त्याची साथीदार. सुरुवातीला टायपिस्ट मुलींची ओळ दिसते, खुंट्यांवर ओळीने टांगलेल्या हॅट दिसतात आणि त्यातली एक हॅट कुणीही हात न लावता खाली पडते. निर्जीव वस्तूंवर थबकणाऱ्या अशा दृश्यांना पुढे समीक्षक नोएल बर्चने जपानी वाका काव्यपरंपरेशी नेऊन जोडले आणि इतरांनी त्यांत झेनची शून्यता पाहिली. चहाची किटली, वाळत घातलेले कपडे, रिकामा बोळ ही ती प्रसिद्ध दृश्ये. पण हे तंत्र ओझूच्या हातात आले ते गुंडांच्या आणि टायपिस्टांच्या चित्रपटात, पोलिसी थराराच्या मधोमध. कोणत्याही मठाची त्याला गरज पडली नव्हती. लुबिश आणि हॅरल्ड लॉइड यांच्या चित्रपटांत वस्तू काय काय करू शकतात हे पाहिलेल्या एका चाणाक्ष तंत्रज्ञाची ती करामत होती.

कॅमेऱ्याच्या उंचीविषयीचा समज तर इतका रूढ आहे की तो तपासून पाहण्याचे कष्टही कुणी घेत नाही. तातामी चटईवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर ओझूचा कॅमेरा असतो, म्हणून त्याची नजर ही जपानी घराची नजर, असे सांगितले जाते. चित्रपट नीट पाहिले तर हे टिकत नाही. पुष्कळदा कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्याही खाली असतो. शिवाय कचेऱ्या, बार, रुग्णालयाचे व्हरांडे आणि रस्ते, म्हणजे जिथे चटईवर कुणीच बसलेले नसते अशा जागीही तो खालीच राहतो. अभ्यासक डेव्हिड बॉर्डवेलने ओझूवरच्या १९८८ च्या ग्रंथात ही उंची समोरच्या विषयाच्या प्रमाणात बदलते हे बारकाईने दाखवले. माणूस उभा राहिला की कॅमेराही थोडा वर येतो, मात्र विषयाच्या मध्यापेक्षा खालीच. ही एक रचनापद्धती आहे, घरातल्या बसण्याच्या सवयीची नक्कल नव्हे. खुद्द ओझूने एकदा दिलेला खुलासा आणखी रुक्ष आहे: १९२८ मध्ये ‘बॉडी ब्यूटिफुल’चे चित्रण चालू असताना जमिनीवर विजेच्या तारांचा पसारा होता, तो टाळायला कॅमेरा खाली घेतला आणि तो कोन आवडला. हा खुलासा शब्दशः खरा मानायलाच हवा असे नाही. पण झेनविषयी त्यात अवाक्षर नाही.

‘आय वॉज बॉर्न, बट...’ (१९३२), ‘पासिंग फॅन्सी’ (१९३३) आणि ‘अ स्टोरी ऑफ फ्लोटिंग वीड्स’ (१९३४) या तीन मूकपटांना ‘किनेमा जुम्पो’ मासिकाच्या समीक्षकांनी लागोपाठ तीन वर्षे वर्षातला सर्वोत्तम चित्रपट ठरवले. पहिल्यातली दोन भावंडे, आपला बाप साहेबासमोर माकडचेष्टा करतो हे पाहून, जेवण सोडून देतात. पगारावर जगणाऱ्या माणसाच्या लाचारीवर इतके कडवट आणि इतके गमतीशीर चित्रपट थोडेच असतील. याच चित्रपटात शाळेतल्या बाकांवरून सरकणारा कॅमेरा थेट कचेरीतल्या टेबलांवरून सरकू लागतो: मुलांची शिस्त आणि बापांची शिस्त एकाच चालीत. न हलणारा कॅमेरा म्हणणाऱ्यांनी हे दृश्य पाहिलेले नसते, किंवा पाहून विसरलेले असते.

बोलपटाकडे ओझू उशिरा वळला. शोचिकूचा पहिला यशस्वी बोलपट १९३१ मध्ये आला, ओझूचा ‘द ओन्ली सन’ १९३६ मध्ये. हा उशीर परंपरानिष्ठेचा नव्हता. त्याचा कॅमेरामन हिदेओ मोहारा स्वतःची ध्वनिमुद्रण पद्धत तयार करत होता आणि तिची वाट पाहण्याचा शब्द ओझूने दिला होता. चित्रपटात खेड्यातून आलेल्या आईला मुलगा अपेक्षेने बोलपट दाखवायला नेतो. तो बोलपट जर्मन भाषेतला असतो आणि आई डुलक्या घेते.

सप्टेंबर १९३७ मध्ये ओझूला सैन्यात बोलावण्यात आले आणि त्याच्या चरित्राचा हा भाग झेनच्या धुक्यात सर्वांत सोयीस्करपणे हरवतो. त्याची नेमणूक विषारी वायूशी संबंधित तुकडीत झाली. शांघाय आणि नानजिंगच्या प्रदेशांतून ही तुकडी पुढे गेली. मार्च १९३९ मध्ये सिउशुई नदी ओलांडताना जपानी फौजेने वायूचा मोठा वापर केला, त्या मोहिमेत तो होता. त्याचा जिवलग मित्र आणि तेजस्वी दिग्दर्शक सादाओ यामानाका १९३८ मध्ये काइफेंग इथे आजाराने मरण पावला. जुलै १९३९ मध्ये ओझू परतला. परतल्यावर त्याने लिहिलेली पहिलीच पटकथा सेन्सॉरने अडवली, कारण लढाईवर निघालेल्या नवऱ्याला बायकोने साधा चहा-भात वाढणे अधिकाऱ्यांना अपमानास्पद वाटले. १९४२ च्या ‘देअर वॉज अ फादर’मध्ये मात्र कर्तव्य आणि त्याग यांचा राष्ट्राला हवा तसा सूर आहे. पुढे अमेरिकी ताब्याच्या काळात त्यातले काही भाग कापावे लागले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

१९४३ मध्ये लष्कराने त्याला सिंगापूरला पाठवले. काम होते भारतीय स्वातंत्र्यलढ्यावर, म्हणजे सुभाषचंद्र बोस यांच्या आझाद हिंद चळवळीवर, प्रचारपट काढण्याचे. ‘चलो दिल्ली’ या घोषणेचेच जपानी रूप त्याचे नाव होते. चित्रपट पूर्ण झाला नाही. जपान शरण जाताना चित्रित केलेले साहित्य नष्ट करण्यात आले. सिंगापूरमधला ओझूचा खरा उद्योग निराळाच होता. जप्त केलेल्या अमेरिकी चित्रपटांच्या प्रती तिथे होत्या. ‘सिटिझन केन’, ‘गॉन विथ द विंड’, ‘फँटासिया’ त्याने तिथेच पाहिले आणि ‘केन’ने तो भारावून गेला. शत्रूचे चित्रपट पाहत युद्धाची अखेर काढणारा हा माणूस युद्धकैद्यांच्या छावणीतून फेब्रुवारी १९४६ मध्ये मायदेशी आला.

चीनमध्ये जे घडले त्याविषयी ओझूच्या चित्रपटांत थेट काही नाही. हा दोष आहे, आणि तो दोषच म्हणावा लागतो. संयमी मौनाचे सौंदर्य म्हणून त्याची भलामण करणे हा त्या ‘साधू’ प्रतिमेचा सर्वांत वाईट उपयोग ठरतो. पण युद्ध त्याच्या चित्रपटांत नाहीच, हा आरोपही चुकीचा आहे. ‘अ हेन इन द विंड’मध्ये (१९४८) आजारी मुलाच्या उपचारांसाठी एका रात्रीपुरते शरीर विकलेल्या बायकोला युद्धावरून परतलेला नवरा जिन्यावरून ढकलतो. तिचे गडगडत खाली येणे ओझू पूर्ण दाखवतो. ‘लेट स्प्रिंग’ची नायिका नोरिको युद्धकाळातल्या सक्तीच्या श्रमाने खंगून नुकती सावरते आहे. ‘अर्ली समर’मधला एक मुलगा बेपत्ता आहे, ‘टोकियो स्टोरी’मधला आठ वर्षांपूर्वी गेला आहे. ‘इक्विनॉक्स फ्लॉवर’मध्ये बायको हवाई हल्ल्याच्या तळघरात घरचे सगळे एकत्र असत म्हणून त्या दिवसांची आठवण काढते आणि नवऱ्याला त्या दिवसांचे नावही नकोसे होते. अखेरच्या ‘ॲन ऑटम आफ्टरनून’मध्ये नौदलातला जुना कप्तान आणि त्याचा हाताखालचा माणूस बारमध्ये आरमारी मार्च ऐकतात. आपण जिंकलो असतो तर काय झाले असते, यावर हाताखालचा माणूस रंगून बोलतो. हरलो तेच बरे झाले, असे कप्तान सांगतो. हे राजकीय विधान आहे. दारूच्या ग्लासांमध्ये, विनोदाच्या अंगाने केलेले आहे, एवढेच.

१९४९ च्या ‘लेट स्प्रिंग’पासून पटकथालेखक कोगो नोदाबरोबरची जोडी पुन्हा जमली आणि शेवटपर्यंत टिकली. दोघे एखाद्या खाणावळीत, पुढे तातेशिना इथल्या घरी महिनोन्‌महिने मुक्काम ठोकून पीत, फिरत, संवाद लिहीत. ‘लेट स्प्रिंग’मध्ये नो नाट्याचा प्रयोग आहे, क्योतोची मंदिरे आहेत, चहाचा समारंभ आहे, परंपरा त्यात भरपूर आहे हे नाकारण्याचे कारण नाही. पण समुद्राकाठच्या सायकलफेरीत, जिथे कॅमेरा सायकलींबरोबर धावतो, वाटेत कोकाकोलाची पाटी उभी आहे आणि मुलीला सुचवलेल्या वराची तारीफ ‘गॅरी कूपरसारखा दिसतो’ अशी होते. दोन्ही जग एकाच चौकटीत ठेवणे हे ओझूचे काम होते. क्योतोच्या खाणावळीतल्या रात्री नोरिकोच्या चेहऱ्यावरून दृश्य एका फुलदाणीवर जाते, परत चेहऱ्यावर येते. तेवढ्यात तिचे हसू मावळलेले असते. या फुलदाणीवर समीक्षक पॉल श्रेडरने १९७२ मध्ये अतींद्रियाचा सिद्धांत उभारला. शेजारी वडील घोरत असतात, ही बाब त्या सिद्धांतात फारशी उपयोगी पडत नाही.

एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, या आक्षेपाचे उत्तर यादीनेच मिळते. मुलीचे लग्न हा कणा असलेले चित्रपट पाच: ‘लेट स्प्रिंग’, ‘अर्ली समर’, ‘इक्विनॉक्स फ्लॉवर’, ‘लेट ऑटम’ आणि ‘ॲन ऑटम आफ्टरनून’. त्यांतही ‘अर्ली समर’ची नायिका घरच्यांनी आणलेले स्थळ सोडून, एका मुलीचा बाप असलेल्या विधुर शेजाऱ्याशी स्वतःच लग्न ठरवते आणि त्या एका निर्णयाने कुटुंब विखुरते. ‘लेट स्प्रिंग’मध्ये मुलीची भूमिका करणारी अभिनेत्री सेत्सुको हारा अकरा वर्षांनी ‘लेट ऑटम’मध्ये मुलीची आई होते. या पाचांच्या अधेमधे विवाहबाह्य संबंधांचा ‘अर्ली स्प्रिंग’ (१९५६) आहे, आणि गर्भपात, घर सोडून गेलेली आई व धाकट्या मुलीचा मृत्यू यांनी भरलेला काळाकुट्ट ‘टोकियो ट्वायलाइट’ (१९५७) आहे. शिवाय ‘गुड मॉर्निंग’ (१९५९) आहे. टीव्हीसाठी मौनव्रत धरणारी दोन पोरे आणि पादण्याची स्पर्धा हा त्याचा विषय. झेनवाल्या पुस्तकांत या चित्रपटाची दखल सहसा तळटीपेइतकी असते.

शैलीचे काटेकोर नियम खरे आहेत, पण ते हळूहळू आणि जाणूनबुजून केलेल्या वजाबाकीतून आले. दृश्ये एकमेकांत विरघळवणे त्याने सोडले. पन्नास मिलिमीटरच्या भिंगावर तो स्थिरावला. ‘अर्ली समर’मध्ये वाळूच्या टेकडीवर एकदा क्रेनही वापरली. ‘टोकियो स्टोरी’मध्ये उएनो इथे बसलेल्या म्हाताऱ्या जोडप्यापर्यंत कॅमेरा भिंतीलगत सरकत जातो. संपूर्ण स्थिरता आली १९५८ मध्ये, रंगासोबत. रंगासाठी त्याने आग्फा फिल्म घेतली, कारण तिच्यातला लाल त्याला हवा होता. ‘इक्विनॉक्स फ्लॉवर’मधली लाल किटली एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना चक्क जागा बदलते; रचनेसाठी दृश्यांमधली सलगता मोडायला तो कचरत नसे. दोन माणसे बोलत असताना कॅमेरा त्यांच्यामधली काल्पनिक रेषा ओलांडू नये, हा जगभरच्या स्टुडिओंचा नियम त्याने सर्रास धुडकावला. संकलकाने हरकत घेतली तेव्हा दोन्ही पद्धतींनी जोडून पाहिले आणि काही फरक पडत नाही असा निकाल ओझूने दिला. परंपरेत मुरलेला शांत म्हातारा अशी कामे करत नाही. हे खोडसाळ, हट्टी प्रयोगशीलाचे काम आहे.

मग साधूची प्रतिमा आली कुठून? मुख्यतः चित्रपट परदेशी पोचण्याच्या क्रमातून. १९५१ मध्ये ‘राशोमोन’ने व्हेनिसला सुवर्णसिंह पटकावला आणि पाठोपाठ मिझोगुचीचे ऐतिहासिक पट युरोपात गेले. परदेशी बाजाराला जपान हवा होता तो तलवारी आणि किमोनोंचा. रेल्वेने कचेरीत जाणाऱ्या माणसांचे चित्रपट बाहेर कुणाला कळणार नाहीत, म्हणून शोचिकूने ओझूला बराच काळ निर्यातच केले नाही. ‘टोकियो स्टोरी’ला लंडनमध्ये सदरलँड करंडक मिळाला तो १९५८ मध्ये, न्यूयॉर्कच्या चित्रपटगृहांत तो लागला १९७२ मध्ये. म्हणजे पश्चिमेने ओझूला पाहिले ते मुख्यतः त्याच्या मृत्यूनंतर, शेवटच्या आणि सर्वांत स्थिर चित्रपटांपासून, आणि तेही पूर्वेच्या ध्यानधारणेची मोठी हौस असलेल्या दशकात. ‘ड्रॅगनेट गर्ल’ किंवा ‘आय वॉज बॉर्न, बट...’ सर्वत्र उपलब्ध होईपर्यंत चित्राचा रंग वाळला होता. श्रेडरच्या सिद्धांताप्रमाणेच समीक्षक डोनल्ड रिचीचा १९७४ चा ग्रंथ प्रभावी ठरला. रिचीची जपानी चित्रपटाची सेवा निर्विवाद आहे, पण ‘सर्वांत जपानी’ हे बिरूद पक्के करण्यात त्याच्या लेखणीचा वाटा मोठा आहे. समीक्षक शिगेहिको हासुमीने १९८३ मध्ये जपानीतूनच याला उत्तर दिले: ओझूचे वर्णन तो काय ‘करत नाही’ याच्या यादीने होते, पडद्यावर काय आहे ते पाहिलेच जात नाही. त्याने पडद्यावर दाखवले ते लख्ख, कोरडे ऊन. ते जपानच्या दमट हवेपेक्षा हॉलिवूडच्या आकाशाला जवळचे आहे.

उलट टोकाची टीका घरातून झाली. ‘टोकियो स्टोरी’वर साहाय्यक असलेला शोहेई इमामुरा गुरू नटांकडून कवायत करून घेतो याला कंटाळून दुसऱ्या कंपनीत गेला. तरुण दिग्दर्शक योशिशिगे योशिदाने म्हातारा तरुणांची खुशामत करतो अशा अर्थाची टीका छापली. १९६३ च्या नववर्षाच्या मेजवानीत ओझू त्याच्यासमोर येऊन बसला आणि गप्पपणे त्याच्या पेल्यात साके ओतत राहिला. याच योशिदाने १९९८ मध्ये ओझूवर ग्रंथ लिहिला आणि त्याला रूढ चित्रपटाविरुद्ध उभा राहिलेला दिग्दर्शक ठरवले. साधूपणाच्या भक्तांपेक्षा या जुन्या विरोधकाची नजर अधिक स्वच्छ निघाली.

ओझूने लग्न केले नाही. आई फेब्रुवारी १९६२ मध्ये वारली तोवर तो तिच्याजवळ राहिला. १२ डिसेंबर १९६३ रोजी, साठाव्या वाढदिवशी, कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला. कामाकुरातल्या एंगाकुजी या झेन मंदिरातल्या त्याच्या थडग्यावर ‘नाही’, ‘शून्य’ अशा अर्थाचे एकच अक्षर आहे, आणि झेनवाद्यांचा तो हुकमी पुरावा असतो. थडग्यावरून चित्रपट वाचायचे ठरवले तर तिथे भक्त ठेवून जातात त्या दारूच्या बाटल्याही पुराव्यात धराव्या लागतील.

ओझूचे चित्रपट दाखवणारे महोत्सव आणि फिल्म सोसायट्या आजही बहुधा ‘लेट स्प्रिंग’ किंवा ‘टोकियो स्टोरी’पासून आरंभ करतात. त्यांनी तो १९३२ पासून करावा: आधी ‘आय वॉज बॉर्न, बट...’, मग ‘ड्रॅगनेट गर्ल’, मग ‘अ हेन इन द विंड’, आणि ‘लेट स्प्रिंग’ त्यानंतर.